शेवटच्या चढाच्या अलीकडे

प्रिय ढमे,

आधी हे सांगून टाकते की मी धडधाकट आहे. पाय तेवढे माझे वाटत नाहीत, कुणाकडून तरी उसने आणून लावल्यासारखे झालेत. खाटेच्या कडेला बसलेय, दोन्ही पाय कोमट पाण्याच्या बादलीत, मांडीवर चहाचा ट्रे उपडा आणि त्यावर हा कागद. अक्षर कळलं नाही तर जावईबापूंना वाचायला दे, त्यांना औषधांच्या चिठ्ठ्या वाचायची सवय आहे. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यातलं निम्मं वर्ष बाईंच्या तान्ह्या बाळाला खेळवण्यात गेलं, त्यामुळे बाळं मला चांगली येतात आणि जोडाक्षरं येत नाहीत. पण आज लिहायचंच आहे. काल मी डोंगर चढले गं! आपल्या घरामागचा, अख्खा, पार टोकापर्यंत. आता हस. मीही सकाळपासून मधूनमधून हसतेय, मग पोटरीत गोळा येतो आणि हसू थांबतं.

हे खूळ डोक्यात कुठून आलं ते तुला ठाऊकच आहे, सुरुवात तुझ्याच फोनपासून झाली. तू विचारलंस की शेवटच्या महिन्यात कोण येतंय माझ्याकडे, आणि तुझी आई म्हणाली, मला नाही जमायचं, पाहुण्यांचा हंगाम आहे, पाहुणघराच्या चादरींचे ढीग पडतात धुवायला. तू एवढंच म्हणालीस, बरं, आणि फोन ठेवलास. तुझं ते बरं मला खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू आलं. तू लहानपणी रुसलीस की जेवायच्या वेळी अस्संच बरं म्हणायचीस आणि ताट सरकवायचीस. तुला काय वाटलं ते मला कळलं. थंडीत तू नव्या घरात राहायला गेलीस तेव्हाही ती आली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पिशवी उचलून परत निघाली, तेही तुझ्या मनात राहिलंय. पोरीपेक्षा हिला लोकांच्या चादरी महत्त्वाच्या, असंच ना? मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणून मी तिथल्या तिथे म्हटलं, तू नको जाऊस, मी जाते. तर ती केवढी फिसकारली! म्हणे, अहो आई, चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, जिना असा उभा की माणसाने चढावा का टांगून घ्यावं. तुम्ही जाल, दुसऱ्या मजल्यावर बसकण माराल आणि मग ती बिचारी पोट सांभाळत तुम्हाला वर ओढणार. मी म्हटलं, तुझ्या वयाची असताना ओल्या चादरींची टोपली डोक्यावर घेऊन गच्चीवर चढत होते. ती म्हणाली, माझ्या वयाच्या होतात तेव्हाचं सोडा. मग मलाही चेव आला. म्हटलं, हा मागचा डोंगर चढून दाखवला तर? ती म्हणाली, दाखवा, मी स्वतः तुमची पिशवी भरून देते. झालं. तुझा बाप ट्रक घेऊन बाहेरगावी होता, नाहीतर त्याने दोघींनाही गप्प बसवलं असतं.

तशी संधी लगेच मिळाली. समोरच्या पाहुणघराने पाण्याची टाकी धुवायला काढली, म्हणजे काल धुणं नाही. मी तुझ्या बापाचे कापडी बूट घातले, पुढे चिंध्या कोंबल्या, तरी चालताना फटाक फटाक वाजत होते. उकडलेली अंडी, पाव, पाण्याच्या बाटल्या. तुझ्या आईने एक फाटकी चादर घेतली, पिळा घालून खांद्यावर टाकली. म्हटलं, ही कशाला? म्हणाली, वरच्या खडकात कठडा तुटलाय असं पाहुणे बोलत होते, तिथे तुम्हाला बांधून ओढायला. बघ, तोंड कसं आहे तिचं. पण येणार नाही म्हणाली नाही. एकटी सोडायची नाही, एवढंच म्हणाली, आणि दाराला कुलूप घातलं.

वाट तुला ठाऊक आहे थोडीफार, तू शाळेच्या सहलीत गेली होतीस आणि उलटी करून परत आली होतीस. सुरुवातीला सोपी आहे. दोन्ही बाजूंना सुकं गवत, मध्ये बकऱ्यांनी मळलेली पायवाट. गंमत बघ, मी इतकी वर्षं या डोंगराच्या पायथ्याशी काढली आणि कधी वर गेले नाही. पाहुणे येतात, चढतात, समुद्र बघतात, उतरतात, आणि त्यांच्या टॉवेलांतली वाळू मी झटकते. माझ्या वाट्याला आलेला समुद्र एवढाच. बंदरातला पाहिलाय मी, पण तो होड्यांनी भरलेला आणि वर तेलाचा तवंग, तो काही खरा नव्हे. तुझ्या आजोबांना किती वेळा म्हटलं, एकदा वर जाऊ. ते म्हणायचे, वर आहे काय, वारा आहे, तो खालीही येतो की. आणि कूस बदलून झोपायचे. भला माणूस होता, पण चढाचं नाव काढलं की त्यांचे गुडघे लगेच दुखायला लागायचे.

आम्ही दहा-बारा वळणं गेलो असू नसू, तोच तुझी आई म्हणाली, आई, बसा जरा, तुम्ही दमलात. मी म्हटलं, कोण दमलंय, मला तर आता कुठे बुटांची सवय होतेय. नाही, बसा, श्वास लागलाय तुमचा. बसले. पुढच्या वळणावर परत तेच, आई बसा. मला मनातून राग यायला लागला. वाटलं, ही मला हरवायला बघतेय, बसवून बसवून उन्हं डोक्यावर आणेल आणि मग म्हणेल, चला आता खाली. मग मी बसेनाशी झाले तर तिने वेगळंच काढलं. एका ठिकाणी थांबून पिवळी फुलं बघत बसली. तुझी आई, आणि फुलं! लग्नात गळ्यात पडली होती तेवढीच तिने धड पाहिली असतील. एकदा वाकून चपलेचा बंद बांधतेय म्हणाली. पुढे गेल्यावर माझ्या लक्षात आलं, तिच्या चपलेला बंदच नाही, अंगठ्याची चप्पल. म्हटलं, हिला काय झालंय, थट्टा करतेय का माझी? पण भांडायला श्वास पुरत नव्हता म्हणून गप्प राहिले. चढाचा हा एक फायदा आहे, सासू-सुनांनी रोज चढावा.

मध्यावर एक गृहस्थ भेटला. दोन्ही हातांत दोन काठ्या, डोक्यावर टोपी, पाठीवर एवढं ओझं की घर सोडून चालला असावा. मी म्हटलं, दोन पाय आणि दोन काठ्या, म्हणजे बकऱ्यांची बरोबरी झाली की तुमची. तो मोठ्याने हसला आणि आमच्या मागे मागे राहिला. मला म्हणाला, आजी, तुम्ही वयाच्या मानाने फार छान चढता. मी म्हटलं, वयाच्या मानाने काय, तुमच्या मानानेही चढते. हे सगळं तुला सांगते कारण मला फार गोड वाटलं. इतकी वर्षं कुणी मला छान म्हटलेलं नाही, चादरींना म्हणतात. त्याने मला खडीसाखरेसारखं काहीतरी चघळायला दिलं आणि तुझ्या आईपुढेही धरलं, तर तिने मान हलवली. तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं असतं तर, पण मी माझ्याच कौतुकात होते.

मग तो खडक आला. कठडा खरंच तुटलेला, नुसते गंजके खांब. तुझ्या आईने चादरीचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं, घट्ट धरा म्हणाली, मी ओढते. आता काय झालं ते ऐक आणि पोट धरून हस, मात्र हळू हस, आत बाळ आहे. मोठं मशीन यायच्या आधी आम्ही दोघी चादरी हातांनी पिळायचो, आठवतं? एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे, ती उजवीकडे पिळायची, मी डावीकडे, आणि चादर जरा सैल पडली की पाऊल मागे घेऊन ताणायची. वर्षानुवर्षांची सवय, हात डोक्याला विचारत नाहीत. ती दोन पावलं वर गेली, कुठेतरी चादर सैल पडली, आणि मी काय करावं? पाऊल मागे घेतलं आणि गचकन ताणली! तुझी आई धप्पकन खडकावर बसली. म्हणाली, अहो, चढताय की मला वाळत घालताय? मी हसले, ती हसली, मागचा दोन काठ्यांवाला एक काठी टाकून हसला. ती परत उठली, परत चादर सैल, परत माझा हिसका. तीनदा झालं असं. आणि तिसऱ्यांदा ती हसता हसता थांबेना, म्हणजे हसू थांबलं पण धाप थांबेना. खडकाला पाठ लावून तोंड उघडं टाकून नुसती श्वास ओढत होती. मी म्हटलं, अगं, काय होतंय? हात हलवून म्हणाली, हसवलंत तुम्ही.

पण चादर माझ्या हातात होती ना. तिथून पुढे मी सवयीचा हिसका मारायचा नाही असं ठरवून नुसतं टोक धरून चालले, आणि मला कळायला लागलं की ओढ येतच नाहीये. ती नवी लग्न होऊन आली तेव्हा पिळताना असा जोर लावायची की माझ्या मनगटातून कळ यायची. मी तुझ्या आजोबांना म्हटलं होतं, पोरगी नाही, घाणा आहे. मशीन आल्यापासून आम्ही नुसत्या घड्या घालतो, घडी घालताना जोर लागत नाही, त्यामुळे किती दिवसांत तिचा हात असा माझ्या हाताला लागलाच नव्हता. काल लागला. पुढे ती आणि मागे मी, आणि चादर मधे लोंबतेय. मग मीच जरा पुढे सरकून, तिला न विचारता, कमरेला खालून हात लावून तिला वर ढकललं. ती म्हणाली, आई, पडाल. मी म्हटलं, तुझ्या अंगावर पडेन, मऊ आहेस.

खडक संपला की थोडी सपाटी आहे आणि मग शेवटचा चढ, लहानच, पण उभा. तिथे ती एका दगडावर बसली आणि म्हणाली, तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबते. म्हटलं, इथवर येऊन? म्हणाली, मला काय करायचाय समुद्र, अंडी सोलून ठेवते. त्या काठ्यांवाल्याने एक काठी मला दिली आणि आम्ही दोघं निघालो. ढमे, तो चढ मी कसा चढले ते मला सांगता यायचं नाही. गुडघा म्हणत होता बस, बूट म्हणत होता बस, आणि मी तुझं नाव घेत होते. म्हणत होते, हा पहिला मजला, हा दुसरा, हे ढमीचं दार.

आणि मग वारा एकदम तोंडावर आला. समोर काही नव्हतंच, नुसता समुद्र. तुला वाटेल आता आजी म्हणणार, चादरीसारखा पसरलेला. नाही म्हणणार. मला चादरींचा कंटाळा आलाय. तो कशासारखाच नव्हता, तेच तर बरं वाटलं. खाली खडकावर लाट फुटत होती ती दिसायची आधी आणि आवाज यायचा मागून, उशिरा, म्हाताऱ्या माणसाने उत्तर द्यावं तसा. लांब एक जहाज उभं होतं, का चालत होतं कोण जाणे. इतकं मोठं काहीतरी माझ्या भिंतीच्या पलीकडे रोज होतं आणि मी अलीकडे दोऱ्या बांधत होते. मी खाली बसले आणि रडले थोडी, वाईट वाटून नव्हे, दमून. काठ्यांवाला शहाणा, त्याने पाठ फिरवून फोटो काढले. मग मी मोठ्याने म्हटलं, जिंकले! आणि हे तुझ्या आईला ओरडून सांगावं म्हणून मागे वळून कड्याशी आले.

ती खाली दिसत होती, लहानशी. तिला वाटलं असणार की आता आपल्याकडे कुणी बघत नाही. अंडी तशीच पिशवीत होती. ती पुढे वाकून, कपाळ गुडघ्यांवर टेकून बसली होती, आणि एक हात छातीवर असा दाबून धरला होता की जणू आतलं काही सुटून जाईल. मी ओरडले नाही. बघत राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोकं वर केलं, तोंड पुसलं, पिशवी उघडली आणि घाईघाईने अंडी सोलायला घेतली. एका क्षणात सगळ्या गाठी सुटल्या माझ्या डोक्यातल्या. ती फुलं, तो चपलेचा बंद, आई बसा, आई बसा. मला कुठे बसवत होती ती?

मी उतरून आले तर म्हणाली, झालं समाधान? जिंकलात एकदाच्या. मी तिच्या शेजारी बसले आणि तिचा हात घेतला, गार होता, घामाने ओला. म्हटलं, कधीपासून? म्हणाली, काय कधीपासून, पित्त आहे. मी हात सोडला नाही. काठ्यांवाला लांब जाऊन बसला. मग हळूहळू बोलली. थंडीपासून. चढ आला की छाती आवळते, डाव्या जबड्यात कळ येते, थांबलं की जातं. तुझ्या नव्या घरी आली तेव्हा जिन्यात प्रत्येक मजल्यावर उभी राहत आली, तू वर दारात वाट बघत होतीस म्हणून तुला दिसलं नाही. रात्रभर तिला हीच धास्ती की उद्या तू म्हणशील, चल आई, खाली बाजारात जाऊन येऊ, आणि परत चढावं लागेल, आणि तुला कळेल. म्हणून पहाटे पळून आली. चादरींचं निमित्त तिने पुढे केलं गं, नुसतं पुढे केलं. म्हणाली, तिला या दिवसांत घोर नको. तिच्या बापाला सांगितलं तर तो ट्रक सोडून घरी बसेल. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर म्हणे, हंगाम संपू दे. आणि मग माझ्याकडून वचन घेतलं, तिथेच दगडावर, की फोनवर ढमीला यातला एक शब्द बोलायचा नाही. मी दिलं. फोनवर नाही बोलणार.

म्हणून हे पत्र, पोरी. खोली एकच, फोन केला की ती शेजारी कान देऊन उभी असते, आणि वचन तर वचन. आत्ता ती झोपलीये, भर दुपारी, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा असेल. आता आजीचं नीट ऐक. काल रात्रीच तिने बोलल्याप्रमाणे माझी पिशवी भरून दाराशी ठेवलीये. मी येत नाही. मला यायचं होतं, बाळाला पहिली आंघोळ घालायची होती, ते आता राहू दे. पत्र मिळालं की तू फोन कर आणि हट्ट धर, मला आजी नको, माझी आई हवी. रड थोडी. म्हण की आजीचं वय झालंय, तिला झेपणार नाही, मला तिची भीती वाटते. मी डोंगर चढले ते विसरून जा, मी पलीकडून रुसल्यासारखं करेन, मला ते छान येतं. स्वतःसाठी ती डॉक्टरची पायरी चढायची नाही, पण तुझ्या तपासणीला सोबत म्हणून येईल, तेव्हा जावईबापूंना सांगून ठेव, तिथल्या तिथे तिलाही दाखवून घ्यायचं, छातीचं, नीट. मला त्यातलं कळत नाही, पण पित्ताने माणूस असं बसत नाही. इथलं मी बघेन, शेजारची घडी घालायला येते म्हणालीये, तुझ्या बापालाही तो आला की मीच सांगेन. आणि ती येईल तेव्हा तू दारात उभी राहू नकोस, खाली ये. पिशवी जावईबापूंना दे. जिन्यात प्रत्येक मजल्यावर तूच पोटावर हात ठेवून थांब आणि म्हण, आई, मी दमले, बस ना माझ्याजवळ. तुझ्यासाठी ती हवी तेवढी बसेल.

तुझीच, एव्हाना गार झालेल्या पाण्यात पाय सोडून बसलेली,
आजी